वर्णनात्मक पेपरची तयारी मोबाइलवर? या चुका टाळा

राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आणि सराव पेपर तपासताना माझी लाल पेनं भराभर संपायला लागली. मुलं हुशार, वाचन दांडगं. पण नोट्स लॅपटॉपवर, उत्तरांचा सराव मोबाइलवर आणि पेपर मात्र हाताने, असा सगळा उफराटा कारभार.

आधी लिहू, क्रम नंतर लावू

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. एका पठ्ठ्याची टाइप केलेली उत्तरं वाचत राहावीत अशी असायची. सराव पेपरात राजर्षी शाहू महाराजांच्या सामाजिक कार्यावर प्रश्न आला. याने सुरुवात केली १९१७ च्या सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणापासून. पानभर लिहून झाल्यावर आठवलं, १९०२ चं ५० टक्के आरक्षण राहिलंच! मग ते तळाशी लिहिलं, चौकट केली, समासातून वरपर्यंत बाण नेला आणि शेजारी टीप: 'हा परिच्छेद वर घ्यावा.' कोणी घ्यावा? परीक्षकाने? विचारलं तर म्हणतो, "सर, टाइप करताना मी असंच करतो, मग कट-पेस्ट."

कागदावर कट-पेस्ट नसतं, तिथे क्रम आधी डोक्यात लागावा लागतो. माझी सवय अशी: कच्च्या कामाच्या जागेत पाच-सहा शब्द, त्यांना क्रमांक, मगच पहिलं वाक्य. "यात वेळ जातो" म्हणणाऱ्यांचेच शेवटचे प्रश्न कोरे राहतात, हे पेपर तपासणाऱ्याला विचारा.

कीबोर्डने सुचवलेला शब्द उचलणं

कीबोर्ड 'गरीब' सुचवतो, पुढे प्रत्यय चिकटवला की झालं 'गरीबांना'. हवं 'गरिबांना'. तसंच जमीन-जमिनीचा, बहीण-बहिणीला. शाळेत हे हाताला पाठ होतं. अडलेला शब्द मी पूर्ण वाक्यात लिहून काढतो. नुसता दहादा गिरवून काही होत नाही.

तासाला शब्दन् शब्द टाइप करणं

म्यूलर आणि ओपनहायमर या मानसशास्त्रज्ञांच्या २०१४ च्या प्रयोगात लॅपटॉपवर नोट्स घेणारे हाताने लिहिणाऱ्यांपेक्षा जास्त शब्दशः उतरवत होते आणि संकल्पनांच्या प्रश्नांत मागे पडले. पुढे इतरांनी प्रयोग पुन्हा केला तेव्हा फरक तितका ठळक दिसला नाही, हेही खरं. पण 'सर काय म्हणाले' हे जसंच्या तसं असलेली आणि 'म्हणजे काय' याचा पत्ता नसलेली वही मी रोज पाहतो.

बोलून टाइप करणं? उत्तरलेखनाच्या सरावात अजिबात नको. टॅबवर स्टायलसने सराव? पुसण्याची चटक लागते आणि झूम करून लिहिल्यावर पानात किती मजकूर मावतो याचा अंदाजच येत नाही. टॉपरच्या उत्तराची पीडीएफ साठवणं म्हणजे लिहिणं नव्हे.

एकदम तीन तासांचा पेपर सोडवायला बसणं

हात भरून येणारच. आधी रोज एक उत्तर, मग एका बैठकीत तीन, मग पूर्ण पेपर. पहिल्याच दिवशी तीन तास रेटलंत, तर दुसऱ्या दिवशी वही उघडणार नाही.