सवय झाली म्हणजे कान वाचला असं नाही: खाणीवरच्या, शेडमधल्या नि कारखान्यातल्या या चुका टाळा

कोकणात कारखान्याच्या आवाजाचा विषय निघाला की लोक लोटे, महाड, रोह्याच्या एमआयडीसीकडे बोट दाखवतात. मोठ्या कंपनीत निदान एखादा सेफ्टी ऑफिसर तरी विचारणारा असतो. मला काळजी वाटते ती चिरेखाणीची, बर्फाच्या कारखान्याची, काजू युनिटची आणि फायबरच्या होड्या बनवणाऱ्या शेडची. तिथे विचारलं तर एकच उत्तर येतं, "आमका सवय आसा."

पहिली चूक हीच. कानाला आवाजाची सवय होत नाही, ऐकूच कमी येऊ लागतं. अंतर्कर्णातल्या बारीक केसपेशी मोठ्या आवाजाने मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. यावर औषध नाही. आधी जातात ते ४००० हर्ट्झच्या आसपासचे उंच स्वर, म्हणून माणूस बहिरा वाटत नाही. बोलणं ऐकू येतं, पण स, श, फ, थ निसटतात. मग टीव्हीचा आवाज वाढतो आणि घरातले म्हणतात, हल्ली लक्ष नसतं यांचं. कामाची पाळी सुटल्यावर कानात शिट्टी वाजते, कान दडे बसल्यासारखे होतात आणि सकाळी बरं वाटतं. ती सकाळ फसवी आहे. हे रोज होत राहिलं की एक दिवस कान उतरलेला तसाच राहतो.

मोजायला यंत्र नसेल तर एक साधी खूण आहे: हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागला, तर तिथे ८५ डेसिबलच्या वर आहे असं धरून चाला. मोबाइलचं ॲप दुरुस्तीच्या आधीचा नि नंतरचा फरक बघायला ठीक, पण कागदोपत्री दाखवायला त्याचा उपयोग नाही.

डेसिबलची बेरीजही साध्या हिशेबाने होत नाही. ९० डेसिबलची दोन मशीनं शेजारी चालली तर १८० नव्हे, ९३ होतात. पण ते ३ किरकोळ समजू नका, तेवढ्यात ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. आपल्या कारखाना नियमांतली रूढ मर्यादा ८ तासांना ९० डेसिबल. ९५ असेल तर ४ तास, १०० असेल तर २. कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणारी अमेरिकेतली नायॉश ही सरकारी संस्था ८ तासांना ८५ सुचवते आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करते. माझं मत विचाराल तर दुसरा हिशेब धरा. नियम पाळूनही कान गेलेला माणूस नियमाचं काय करणार?

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे आधी इअरप्लगचा डबा विकत घेणं. आधी मशीन बघा. काजूच्या सोलाईला कॉम्प्रेसरची हवा लागते. त्या लाइनला जिथे गळती असते तिथे दिवसभर फुसफुस चालू राहते आणि वर विजेचं बिलही वाढतं. उघड्या नळीने हवा मारण्याऐवजी कमी आवाजाचं नोझल लावा. खाऱ्या हवेने जनरेटरचा सायलेन्सर आतून गंजतो आणि फुटला तरी कोणी बघत नाही, कारण वीज गेली की जनरेटर चालू झाला यातच समाधान असतं. दर पावसाळ्याच्या आधी तो तपासा. ढिले नट, हलणारे पत्र्याचे गार्ड, ओरडणारं बेअरिंग, दगडासारखे कडक झालेले रबरी पाय: आवाज निम्मा इथेच सापडतो.

जनरेटरला कॅनॉपी, म्हणजे आवाज अडवणारी पेटी असते, पण गरम होतं म्हणून तिचं दार उघडं टाकतात. पेटीच्या पृष्ठभागाचा १ टक्का जरी उघडा राहिला तरी ती कितीही जाड असो, साधारण २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडवू शकत नाही. मग सताड उघड्या दाराचं काय सांगावं! हवा हवीच, पण ती आतून आवाज शोषणारं अस्तर असलेल्या, वळण घेतलेल्या डक्टमधून द्या. आणि काजू निवडायला बसणाऱ्या बायकांची जागा कॉम्प्रेसरच्या शेजारून हलवा, याला फारसा खर्च येत नाही.

एवढं करून उरलेल्या आवाजासाठी प्लग. फोमचा प्लग नुसता कानात टेकवून उपयोग नाही. हात धुवा, तो बारीक वळा, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वर-मागे ओढा, प्लग आत घाला आणि फुगेपर्यंत २०-३० सेकंद धरून ठेवा. मग दोन्ही तळवे कानांवर दाबा. आवाजात मोठा फरक पडला तर प्लग नीट बसलेला नाही. कापसाचा बोळा प्लगची जागा घेत नाही. मोबाइलचे इअरफोनही नाही, उलट गाणं मशीनच्या वर चढवावं लागतं.

पाकिटावरचा एनआरआरचा, म्हणजे प्लग किती डेसिबल अडवतो ते सांगणारा आकडा प्रयोगशाळेतला असतो. प्रत्यक्षात फोमच्या प्लगला त्याच्या निम्माच धरावा. आणि ३० डेसिबल अडवणारा प्लग ८ तासांत फक्त अर्धा तास काढला, तर दिवसाचं संरक्षण १२ वर येतं. माणसं तो का काढतात, तर घामाने कान खाजतो, किंवा मागे येणारा ट्रक ऐकू येत नाही म्हणून. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. पावसाळ्यात ओल्या, मळक्या प्लगने कानात बुरशी धरते. फोमचे प्लग रोज नवे द्या, धुता येणारे रात्री वाळवा. आणि तिथल्या आवाजाच्या मानाने गरजेपुरताच अडवणारा प्लग निवडा. कानापर्यंत ७५-८० पोचले तर पुरे, कान पूर्ण बंद करू नका.

फायबरच्या शेडला एक जास्तीचा धोका आहे. रेझिनमधलं स्टायरीन हे रसायन स्वतःच कानाला घातक, त्यात ग्राइंडरचा आवाज मिसळला की नुकसान वाढतं. तिथे खेळती हवा आणि योग्य मास्क हा कानाचाही बचाव आहे.

शेवटी ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची चाचणी. तो पाळी संपल्या संपल्या करू नका, आधी निदान १४ तास कान शांत हवेत. पहिला कामावर घेतानाच काढा, नाहीतर पुढचा कशाशी ताडणार? आवाजाने येणारा बहिरेपणा १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत होता आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याच्या जागी आलेल्या कामगार सुरक्षा संहितेतही आहे, म्हणजे तो कळवणं बंधनकारक मानलेला आजार. खाणीवरची माणसं हंगाम संपला की दुसऱ्या मालकाकडे जातात, म्हणून अहवालाची एक प्रत कामगाराच्या हातात द्या, ऑफिसच्या फाइलमध्ये दुसरी.