इन्सर्टची धग खोलीत कशी आणावी

अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमध्ये जुने घर घेतले की विटांच्या फायरप्लेसबरोबर त्यात बसवलेला, लाकूड जाळण्याचा इन्सर्टही पुष्कळदा पदरात पडतो, आणि पहिल्याच जानेवारीत लक्षात येते की आत जाळ ढणढणत असला तरी दहा फुटांवर बसलेल्याला शाल सोडवत नाही. वास्तविक काचेच्या दाराची ही लोखंडी पेटी उघड्या फायरप्लेसपेक्षा कितीतरी पटींनी चांगली असते; उघडा जाळ खोलीतलीच गरम हवा ओढून चिमणीतून बाहेर घालवतो, तर अलीकडचे चांगले इन्सर्ट लाकडातली ७० टक्के किंवा त्याहून अधिक उष्णता घराला देतात. त्यामुळे ऊब कमी पडली तर यंत्राला बोल लावण्याआधी सरपण, जाळण्याची पद्धत आणि बसवणी तपासावी, आणि तीही याच क्रमाने, कारण पहिल्या तपासणीला जवळजवळ काहीच खर्च येत नाही.

नुकत्याच तोडलेल्या ओकच्या वजनात ४० टक्क्यांहून अधिक पाणी असते. म्हणजे चार किलोचे लाकूड आत सरकवताना आपण दीड लिटरहून अधिक पाणी विस्तवात ओतत असतो, आणि त्याची वाफ करण्यातच जाळाचा जोर खर्ची पडतो. आपल्याकडे वखारीत लाकूड वजनावर मिळते. इथे ते कॉर्डच्या मापाने, म्हणजे ४ फूट रुंद, ४ फूट उंच आणि ८ फूट लांब अशा १२८ घनफुटांच्या रचलेल्या ढिगावर विकतात, आणि ‘वाळलेले आहे’ या विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबू नये. दोन सुयांचे ओलावामापक यंत्र स्वस्तात मिळते. मात्र लाकूड फोडून आतल्या ताज्या बाजूवर सुया टोचाव्यात, कारण बाहेरची साल नेहमीच कोरडी दाखवते. आकडा २० टक्क्यांच्या आत हवा. फोडून, पावसापासून झाकून पण बाजूंनी वारा लागेल असे रचलेले ॲश किंवा मेपल साधारण वर्षभरात वाळते, ओकला मात्र दोन वर्षे द्यावी लागतात. लाकडाच्या टोकाशी फेस येऊन ते सुसू करू लागले, की यंत्राचीही गरज उरत नाही.

पेटवताना मोठी लाकडे खाली, त्यांवर बारीक फाटी आणि सर्वांत वर ढलप्या ठेवून वरून काडी लावावी. धूर कमी होतो आणि चिमणी लवकर तापते. पेटीत हवा सोडणारा खटका सुरुवातीला पूर्ण उघडा असावा. लाकडांच्या कडा काळ्या पडून ज्वाळा स्थिर झाल्या, म्हणजे पंधरा-वीस मिनिटांनी, तो टप्प्याटप्प्याने बंद करत आणावा. इथे दोन्हीकडून चुका होतात. खटका उघडाच ठेवला तर धग चिमणीत जाते, आणि घाईने बंद केला तर लाकूड धुमसते, काच काळी होते आणि चिमणीत क्रिओसोट नावाची ज्वालाग्राही काजळी साठते. नेमके जमले की ज्वाळा संथ होतात आणि पेटीच्या छताखालच्या भोकांच्या नळ्यांजवळ निळसर-पिवळ्या होऊन तरंगू लागतात. तिथे धूरच जळत असतो. चुलीत एकेक लाकूड पुढे सारण्याची आपली सवय मात्र इथे नडते. रसरशीत निखारे दाराच्या बाजूला ओढून त्यांच्यामागे तीन-चार लाकडे एकदमच घालावीत. गरम हवा खोलीत फेकणारा इन्सर्टचा पंखाही पेटी चांगली तापल्यावरच आणि मंद गतीवर लावावा.

एवढे करूनही खोली थंड असेल तर बसवणीकडे वळावे. आमच्या घरी इन्सर्टभोवतीची लोखंडी चौकट काढून वर टॉर्च मारला, तेव्हा पोलादी लायनरच्या, म्हणजे धूर वर नेणाऱ्या नळीच्या, चारी बाजूंना चिमणीचा काळा बोगदा सरळ उघडा दिसला. चिमणी बंद करायच्या जुन्या झडपेच्या जागी लायनरभोवती पत्र्याची आडवी पट्टी बसवायची राहूनच गेली होती, त्यामुळे पेटीच्या पाठीमागे तापलेली हवा खोलीत येण्याऐवजी विटा तापवत होती. चिमणी बाहेरच्या भिंतीत असेल तर हा तोटा फारच मोठा. पत्रा कापून घेऊन, वर मिनरल वूल (न जळणारी खनिज लोकर) भरून, फटी उष्णतारोधक सीलंटने बुजवल्या, की फरक त्याच संध्याकाळी हाताला जाणवतो. हे काम चिमणी साफ करणाऱ्या प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्यावे; दरवर्षीच्या तपासणीला तो येतोच. घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही हवाच. इन्सर्टच्या दाराच्या कडेने बसवलेली, फट बुजवणारी दोरी ढिली झाली आहे का, हे विस्तव नसताना बघावे: दारात डॉलरची नोट धरून दार लावावे, आणि ती सहज ओढून निघाली तर दोरी बदलावी.

शेवटचा अडसर असतो तो शेजारच्या खोल्यांचा. तिकडे गरम हवा ढकलण्यापेक्षा थंड खोलीच्या दाराशी जमिनीवर छोटा पंखा ठेवून तिथली जड, गार हवा इन्सर्टच्या खोलीकडे सोडावी. देवघरातली उदबत्ती पेटवून दाराच्या वरच्या चौकटीशी धरली, की तिचा धूर उलट दिशेने, थंड खोलीत शिरताना दिसतो.