'मॅकबेथ'चा अभ्यास: प्रवेश आणि भाषा

शेक्सपिअरचे 'मॅकबेथ' अभ्यासताना टीपा बाजूला ठेवून एकेक प्रवेश आधी मोठ्याने वाचावा. अर्थ थोडा निसटला तरी चालेल. दुसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशाला मात्र भरपूर वेळ द्यावा. राजा डंकनचा खून रंगमंचावर दिसतच नाही. दिसतात ते मॅकबेथचे रक्ताळलेले हात, आणि पतिपत्नींच्या तुटक, कधी एकाच शब्दाच्या प्रश्नोत्तरांतून व पुढे दार ठोठावण्याच्या आवाजातून भीती ऐकू येते. पात्र पद्यातून गद्यात उतरते तेथे समासात खूण करावी. पाचव्या अंकाच्या आरंभी झोपेत चालणारी लेडी मॅकबेथ गद्यात बोलते आणि तिच्या विस्कळीत वाक्यांत खुनाच्या रात्रीचे हात धुणे, दार ठोठावणे पुन्हा डोकावते. ही वाक्ये दुसऱ्या अंकातील ओळींशेजारी ठेवून वाचावीत. कथासारांश सर्वांत शेवटी चाळला तरी पुरे.