न्यूट्रोफिलचा आरएनए काढताय? या चुका टाळा

सोलापुरात एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी पांढऱ्या पेशी निवडणारी मुलं हमखास अडकतात ती मायलोपेरॉक्सिडेजपाशी. न्यूट्रोफिलमध्ये, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या एका प्रकारात, हे एन्झाइम (एमपीओ) भरपूर असतं, हे पुस्तकात वाचलेलं असतं. म्हणून दात्याच्या रक्तातून न्यूट्रोफिल वेगळे करून एमपीओ जीनचा क्यूपीसीआर, म्हणजे आरएनएचं प्रमाण मोजणारी चाचणी, लावायचा. सिग्नल आला तर पस्तिसाव्या सायकलच्या पुढे, म्हणजे नगण्यच, नाहीतर नाहीच. मग प्रायमर बदला, नवं किट मागवा, गाइडना फोन करा.

प्रायमरचा बहुधा काही दोष नसतो. हा जीन जोरात चालतो तो अस्थिमज्जेत, प्रोमायलोसाइट या कच्च्या पेशीच्या टप्प्यावर. पेशी पुढे सरकली की त्याचं लिप्यंतरण (जीनवरून आरएनए बनणं) थांबतं, पण तयार प्रथिन अझुरोफिल (प्राथमिक) कणिकांत साठून राहतं. चूल कधीच विझली, डब्यात कडक भाकरी मात्र आहे. इलास्टेजचंही तसंच. लॅक्टोफेरिनचा एमआरएनए त्यानंतर, मायलोसाइट-मेटामायलोसाइट या पुढच्या टप्प्यांत वाढतो आणि जिलेटिनेज, म्हणजे एमएमपी९, आणखी उशिरा, बँड, म्हणजे जवळजवळ पक्व पेशीच्या सुमारास. कोणतं प्रथिन कोणत्या कणिकेत जाणार, हे बऱ्याच अंशी ते कधी बनलं यावरच ठरतं. त्यामुळे रक्तातल्या पक्व पेशीत बघायचंच असेल तर सीएक्ससीआर२ किंवा एफसीजीआर३बी हे जीन बघा. एमपीओचा आरएनए दिसलाच, तर अपक्व पेशी रक्तात आल्यात का, हे आधी स्मिअरवर (काचेवर पसरलेल्या रक्तावर) तपासा.

अस्थिमज्जा मिळणं अवघड, म्हणून एचएल-६० या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या ल्युकेमियाच्या पेशी वापरतात. ते योग्यच आहे. डीएमएसओ किंवा रेटिनोइक ॲसिड दिलं की केंद्रकाला खंड पडतात, सीडी११बी हे परिपक्वतेचं चिन्ह वाढतं. पण लॅक्टोफेरिन काही येत नाही. ही त्या पेशींचीच जुनी उणीव आहे, डोस वाढवून ती भरून निघत नाही. या पेशींवरून दुय्यम (लॅक्टोफेरिन साठवणाऱ्या) कणिकांबद्दल निष्कर्ष काढलेला प्रबंध मी तरी परत पाठवीन.

आता रक्ताकडे. हेपॅरिनची नळी नको, हेपॅरिन पीसीआरला अडवतं; ईडीटीए घ्या. फायकॉल या पेशी वेगळ्या करायच्या द्रवाच्या वर जमणाऱ्या थरात लिम्फोसाइट-मोनोसाइट असतात, न्यूट्रोफिल खाली तांबड्या पेशींसोबत बसतात, हेही काहीजण विसरतात. फायकॉल १८ ते २० अंशांना वापरायचं असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना ‘रूम टेम्परेचर’ या शब्दावर विसंबून चालत नाही. तापमान बदललं की द्रवाची घनताही बदलते आणि थर बिघडतात. नमुना तासन्‌तास टेबलावर ठेवला तर नळीतल्या नळीतच आयएल-८सारख्या जीन्सचं प्रमाण बदलायला लागतं, आणि तो बदल तुम्ही परिपक्वतेचा समजता.

शुद्धतेचा प्रश्न सगळ्यांत फसवा. एका न्यूट्रोफिलमध्ये आरएनए मोनोसाइटपेक्षा खूपच कमी. त्यामुळे चार-पाच टक्के मोनोसाइट मिसळले तरी आरएनएतला त्यांचा वाटा त्याहून कितीतरी मोठा. काउंटर यंत्राच्या आकड्यावर थांबू नका, लिशमन रंग लावून स्लाइड स्वतः मोजा.

आणि जीएपीडीएच. सगळे वापरतात म्हणून एकटाच संदर्भ जीन (ज्याच्याशी बाकीच्यांची तुलना करायची तो) म्हणून तो घेऊ नका. परिपक्वतेत पेशीचा चयापचयच बदलतो, तर त्यातला जीन स्थिर कसा राहील? दोन-तीन उमेदवार जीन घ्या, प्रत्येक टप्प्याच्या नमुन्यावर तपासा, जे हलत नाहीत ते ठेवा. आरटी एन्झाइम (आरएनएवरून डीएनए बनवणारं) न घातलेली एक नळी प्रत्येक नमुन्यासोबत लावा, कारण जीएपीडीएचची स्यूडोजीन्स (निकामी प्रती) जीनोममध्ये बरीच आहेत आणि उरलेला डीएनए आरएनएच्या नावाने सिग्नल देतो.