.२२ रिव्हॉल्व्हरची अडकणारी चेंबर्स: माझा अनुभव

ओहायोतल्या आमच्या रेंजवर नवख्यांना शिकवताना मी .२२ शॉर्ट, म्हणजे आखूड काडतूस, देतो. आवाज कमी, धक्का नगण्य. पण त्यानंतर त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये लाँग रायफल (.२२ चंच लांब काडतूस) भरली की काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे सिलिंडरमधल्या त्याच्या भोकात, शेवटी अडायचं आणि उडवल्यावर पुंगळ्या (काडतुसाची रिकामी आवरणं) एजेक्टर, म्हणजे त्या बाहेर ढकलणारा दांडा, जोरात दाबूनही सुटायच्या नाहीत.

शॉर्टची पुंगळी सुमारे १०.७ मिमी लांब, लाँग रायफलची १५.६. शॉर्ट उडवली की चेंबरच्या मधल्या जवळपास ५ मिमी पट्ट्यात काजळी, शिसं आणि गोळीवरचं मेण यांचा कडक थर बसतो. लांब पुंगळी नेमकी तिथेच रुतते.

रिव्हॉल्व्हर रिकामं असल्याची खात्री करून सिलिंडर उघडला, चेंबर्समध्ये सॉल्व्हंट (थर विरघळवणारं द्रव) लावून चांगलं मुरू दिलं. मग ब्राँझचा ब्रश मागच्या बाजूने घालून आरपार फिरवला. स्टीलचा ब्रश किंवा पॉलिश पेपर कृपा करून वापरू नका, झिजलेलं चेंबर भरून येत नाही. एजेक्टरच्या चांदणीसारख्या टोकाखाली साचलेले बंदुकीच्या दारूचे कणही काढले. शेवटी चेंबर्स कोरडी पुसली.

एक चेंबर तरीही अडत होतं. भिंगातून पाहिलं तर काठावर फायरिंग पिनचा (काडतुसावर आदळणाऱ्या खिळीचा) खोल ठसा, आणि धातू आत दाबला गेलेला. आधीच्या मालकाने रिकाम्या चेंबरवर बराच चाप ओढला असावा. रिमफायरमध्ये, म्हणजे .२२ सारख्या काडतुसात, पिन काडतुसाच्या कडेवर आदळते; काडतूस नसेल तर थेट चेंबरच्या काठावरच. हे काम मी गनस्मिथकडे (बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे) दिलं. त्याने धातू न कापता, चेंबर आयर्न या हत्याराने तो काठ परत बाहेर दाबून दिला.

आता लाँग रायफल आधी, शॉर्ट नंतर, आणि लगेच ब्रश.