घर रंगवायला काढताय? पेंटर यायच्या आधीच्या या चुका टाळा

गणपती गेले की पुण्यातल्या सोसायट्यांच्या लिफ्टमध्ये पुट्टीची पोती दिसायला लागतात. दसरा-दिवाळीच्या आत घर चकाचक हवं, म्हणून सगळ्यांना एकाच वेळी पेंटर हवा असतो. काम बिघडलं की खापर त्याच्यावर फुटतं. पण निम्मा घोळ तो दारात यायच्या आधीच आपण घालून ठेवलेला असतो.

ओल तशीच ठेवून रंगाला हात घालणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. बाथरूमला लागून असलेली भिंत, खिडकीखालचा पट्टा, वरच्यांच्या संडासाखालचं सिलिंग आणि पावसाचा मारा खाणारी बाहेरची भिंत, एवढ्या जागा आधी हाताने चाचपून बघा. पोपडे सुटलेत का? पांढरी भुकटी बोटाला लागते का? ती भुकटी म्हणजे सिमेंट-विटांमधले क्षार. पाण्याबरोबर ते भिंतीच्या तोंडाशी येतात, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. ती खरवडून वर पुट्टी भरली की दिवाळीचे फोटो छान येतात, पण पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी फुगा धरतो.

पेंटर म्हणेल, ‘काळजी नको साहेब, डॅम्पप्रूफ मारून देतो.’ पाणी पलीकडून येत असेल तर आतून मारलेला थर ते अडवत नाही, फार तर काही काळ झाकतो. मूळ शोधा: टाइल्सचे रिकामे झालेले सांधे, आतला गळका पाइप किंवा बाहेरची भेग. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्ची आणि बाहेरच्या भिंतींची गळती सोसायटीने बघायची, संडास-बाथरूमच्या आतल्या गळतीचं संबंधित फ्लॅटवाल्यांनी आपसात बघायचं. सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या आणि वरच्या काकांशी गोडीत बोला. या दोन्ही गोष्टींना पुट्टी वाळण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून गळती दिसली की लगेच सुरुवात करा, नवरात्राची वाट बघू नका.

दुरुस्तीनंतर भिंत वाळली का, हे नुसतं बघून कळत नाही. जाड प्लॅस्टिकचा फूटभर लांब-रुंद तुकडा चारही कडांनी टेप लावून घट्ट चिकटवा आणि चोवीस तासांनी काढा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले असतील किंवा तेवढीच भिंत गडद दिसत असेल, तर थांबा. नवं प्लॅस्टर केलं असेल तर साधारण 28 दिवस द्यायलाच हवेत.

इलेक्ट्रिशियनला नंतर बोलावणं

नवा पॉइंट, एसीचं भोक, वायफायची वायर, पडद्याचे रॉड, सुताराचं काम, सगळं आधी. ताज्या रंगावर ड्रिल चाललं की जो पॅच मारतात तो तिरप्या उजेडात कायम दिसतो, डबा तोच असला तरी. खिळ्यांचंही तसंच. कुठले ठेवायचे आणि कुठले उपटायचे ते पेन्सिलने भिंतीवरच लिहून ठेवा, नाहीतर नको असलेल्या खिळ्यालाही इमानाने रंग लागतो.

धुळीला कमी लेखणं

रंगापेक्षा घासाईची धूळ जास्त छळते. बंद कपाटातल्या साड्यांपर्यंत ती पोचते. दारांच्या फटींना मास्किंग टेप लावा, एसी बंद ठेवून इनडोअर युनिट प्लॅस्टिकने गुंडाळा. जमिनीवर नुसती वर्तमानपत्रं पसरू नका, ती फाटतात आणि रंग खाली उतरतो. खाली प्लॅस्टिक आणि वर जुनी चादर घाला, कारण नुसत्या प्लॅस्टिकवर शिडी सरकते. फिश टँक असेल तर त्याचा हवेचा पंप खोलीतलीच हवा पाण्यात ढकलतो, तेव्हा टँक दुसऱ्या खोलीत हलवलेला बरा.

घर जुनं असेल तर आणखी एक. घरगुती रंगांत शिशाची 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा देशात नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, आणि पेठांमधल्या जुन्या दारं-खिडक्यांवर असे थरावर थर असतात. ते कोरडे घासू देऊ नका, पाणी मारून घासायला सांगा. तेवढे दिवस लहान मुलं आणि गरोदर बाई मामाकडे गेलेल्या उत्तम.

सामान न उपसता सरकवणं

भरलेलं लोखंडी कपाट दोघांनी ढकललं की पाया वाकतो, आणि मग दार लागत नाही. आधी रिकामं करा. सामान खोलीच्या मधोमध गोळा करा, भिंतीपासून अडीच-तीन फूट जागा सोडा. सगळं घर एकदम काढू नका, एक खोली पूर्ण रिकामी ठेवून फिरवत चला. देवघर हलवलं की समई-निरांजन कुठे लावायचं तेही ठरवा, कारण ऑइलपेंट आणि पॉलिशच्या कामात थिनर असतो आणि त्याची वाफ चटकन पेट घेते.

स्वयंपाकघरात गॅसमागची भिंत कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाने आधी धुऊन घ्या. फोडणीच्या तेलकट थरावर प्रायमर धरत नाही.

तोंडी हिशेब

पेंटरचा स्क्वेअर फूट भिंतींचा असतो, आपल्या डोक्यात फ्लॅटचा कार्पेट एरिया. सिलिंगसकट रंगवायची जागा कार्पेटच्या तिपटीच्या आसपास जाते, आणि भांडण इथेच होतं. दारं-खिडक्या वजा करायच्या का, पुट्टीचे हात किती, रंगाचे किती, हे कागदावर घ्या. शेड कार्डावरून ठरवू नका. भिंतीवर दोन फुटांचा तुकडा रंगवून दिवसा आणि रात्री ट्यूबखाली बघा.

सोसायटीची परवानगी, कामाच्या वेळा आणि दुपारच्या झोपेबद्दल पुण्यात वेगळं सांगायला नको. पाण्याचं मात्र बघा. महापालिकेची दुरुस्ती बहुधा गुरुवारी असते आणि नळ बंद राहतो, त्यामुळे पुट्टी कालवायला पिंप भरून ठेवा. आणि पहिल्याच सकाळी पेंटरला ड्राय बाल्कनीतला नळ आणि एक जुनी बादली दाखवा. पुट्टीचं पाणी बेसिनमध्ये ओतलं तर ते पाइपात बसून दगड होतं, आणि प्लंबरचा खर्च रंगाच्या बजेटमध्ये कुणीच धरलेला नसतो. गाळ बादलीत तळाशी बसू द्यायचा, वरचं पाणी ओतायचं आणि गाळ पोत्यात भरून राड्यारोड्याबरोबर द्यायचा.