कौटुंबिक न्यायालयातील कागदपत्रांच्या नकला मागताना या चुका टाळा

न्यायालयाच्या नक्कल विभागासमोर उभे राहून ‘आमच्या घटस्फोटाचे पेपर हवे आहेत’ असे सांगणारा माणूस बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परततो. त्यात खिडकीमागच्या कर्मचाऱ्याचा दोष दर वेळी असतोच असे नाही. ‘घटस्फोटाचे पेपर’ या नावाचा कोणताही कागद न्यायालयाच्या अभिलेखात नसतो. एका निकाली याचिकेच्या नस्तीत, म्हणजे फाईलमध्ये, मूळ याचिका, प्रतिवादीचे लेखी म्हणणे, अंतरिम अर्ज व त्यांवरील आदेश, पुरावा, रोजनामा (कामकाजाची तारीखवार नोंद), न्यायनिर्णय आणि हुकूमनामा असे कित्येक वेगवेगळे दस्तऐवज असतात आणि प्रत्येकाची नक्कल स्वतंत्रपणे, त्याच्या नावाने किंवा निशाणी क्रमांकाने (दाखल कागदावर न्यायालय टाकते त्या क्रमांकाने) मागावी लागते.

यातील सर्वांत महागडी गफलत न्यायनिर्णय आणि हुकूमनामा यांच्यात होते. न्यायनिर्णयात न्यायाधीशांनी दिलेली कारणे असतात, तर हुकूमनामा हा त्या निर्णयाचा औपचारिक, अंमलात आणण्याजोगा सारांश असतो. पुनर्विवाहाची नोंदणी, पारपत्रातील बदल किंवा परदेशी व्हिसा अशा कामांसाठी एक कार्यालय हुकूमनामा मागते, तर दुसरे दोन्ही मागते. म्हणून अर्जात दोन्ही लिहावेत. परस्परसंमतीच्या घटस्फोटात तिसराही कागद लागतो. सदनिका कोणाच्या नावावर होणार, पोटगीची एकरकमी रक्कम किती, मुलाला भेटण्याचे दिवस कोणते, हे सारे तडजोडीच्या अटींमध्ये असते आणि हुकूमनाम्यात ‘निशाणी अमुकवरील अटी या हुकूमनाम्याचा भाग समजाव्यात’ एवढेच वाक्य असू शकते. त्या निशाणीची नक्कल सोबत नसेल, तर बँक किंवा गृहनिर्माण संस्था तो हुकूमनामा हातात घेऊनही काही करू शकत नाही.

पोटगीच्या बाबतीत असेच घडते. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २४ खालील अंतरिम पोटगीचा आदेश मूळ याचिकेतील एखाद्या निशाणीखाली असतो. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालील, म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खालील, अर्जाला स्वतःचा क्रमांक असतो. आणि थकीत पोटगीच्या वसुलीसाठी केलेल्या दरखास्तीला, म्हणजे अंमलबजावणीच्या अर्जाला, आणखी तिसरा. ‘पोटगीची ऑर्डर’ असे मोघम लिहिल्यास यांपैकी कोणता आदेश द्यायचा, हे कर्मचाऱ्याने ओळखावे अशी अपेक्षा ठरते, आणि ती रास्त नाही.

कोणत्या न्यायालयात शोधायचे

नाव ‘कौटुंबिक न्यायालय’ असले, तरी कुटुंबाचा प्रत्येक वाद तिथे चाललेला नसतो. कुटुंब न्यायालय अधिनियम १९८४ चा आहे. दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी अशी न्यायालये स्थापणे त्याने राज्यांवर बंधनकारक केले आणि इतर ठिकाणी राज्य शासनाच्या निर्णयावर सोडले. त्यामुळे जिथे कौटुंबिक न्यायालय नाही, तिथे महाराष्ट्रात हिंदू विवाह अधिनियमाखालील याचिका साधारणपणे दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे चालतात आणि कलम १२५ ची प्रकरणे न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. कौटुंबिक हिंसाचाराचे अर्ज मुळात दंडाधिकाऱ्यांकडेच जातात. मात्र त्या कायद्याच्या कलम २६ मुळे तसाच दिलासा चालू याचिकेतही मागता येतो, म्हणून तो आदेश कधीकधी घटस्फोटाच्याच नस्तीत सापडतो. विवाहितेच्या छळाची, म्हणजे पूर्वीच्या भारतीय दंड संहितेतील ‘चारशे अठ्ठ्याण्णव-अ’ची, कागदपत्रे तर फौजदारी न्यायालयातच असतात.

जुन्या प्रकरणांत काळाचाही विचार करावा लागतो. मुंबईत कौटुंबिक न्यायालय १९८९ साली सुरू झाले आणि आज ते वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. त्यापूर्वी हिंदू विवाह अधिनियमाखालील मुंबईतील याचिका शहर दिवाणी न्यायालयात चालत. म्हणून आईवडिलांच्या १९८२ सालच्या घटस्फोटाची नक्कल वांद्र्याला मागणे म्हणजे चुकीच्या दारावर थाप मारणे होय. ज्या दिवशी एखाद्या शहरात कौटुंबिक न्यायालय स्थापन होते, त्या दिवशी तेथील प्रलंबित प्रकरणे अधिनियमाच्या कलम ८ नुसार त्याच्याकडे वर्ग होतात आणि त्यांना नवा क्रमांक मिळतो. वकिलाच्या जुन्या फायलीवरचा क्रमांक मग उपयोगी पडत नाही. जिल्ह्यांच्या फेररचनेनेही असाच घोळ होतो. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. त्याआधीच्या निकाली प्रकरणांचा शोध घेताना दोन्हीकडे चौकशी करणे शहाणपणाचे ठरते.

धर्मानुसारही दार बदलते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पारशी विवाह व घटस्फोट अधिनियम, १९३६ खालील मुंबईतील दावे उच्च न्यायालयातील पारशी मुख्य वैवाहिक न्यायालयात चालतात. ख्रिस्ती दांपत्याचा २००१ च्या दुरुस्तीपूर्वीचा घटस्फोट जिल्हा न्यायाधीशांनी दिलेला असेल, तर त्याला उच्च न्यायालयाची पुष्टी आवश्यक होती. म्हणजे अशा प्रकरणात जिल्हा न्यायालयाचा हुकूमनामा एकटा पुरत नाही, पुष्टीच्या आदेशाची नक्कलही मिळवावी लागते. गोव्यात विवाहाची नोंद नागरी निबंधकाकडे असते आणि न्यायालयाने घटस्फोट दिल्यावर त्याची नोंद विवाहाच्या मूळ नोंदीवर घ्यावी लागते. त्यामुळे गोव्यातील माणसाला केवळ हुकूमनाम्याची नक्कल घेऊन थांबता येत नाही; तो शेरा पडलेला विवाहाचा दाखलाही घ्यावा लागतो.

आणि काही वेळा न्यायालयात कागद नसतोच. आपल्याकडे काही समाजांत रूढीनुसार काडीमोड घेण्याची प्रथा आहे आणि हिंदू विवाह अधिनियमाचे कलम २९(२) अशा रूढिगत घटस्फोटाला वाव ठेवते. मुद्रांक कागदावर पंचांच्या सह्यांनी झालेली सोडचिठ्ठी कोणत्याही न्यायालयाच्या अभिलेखात येत नाही, मग ती नोटरीपुढे केलेली असली तरीही. ती रूढी सिद्ध करून घोषणात्मक हुकूमनामा घेतलेला असेल, तरच नक्कल मिळण्यासारखे काही असते. विवाह नोंदणीचा दाखला आणि वारस प्रमाणपत्र यांसाठीही लोक कौटुंबिक न्यायालयात येतात; पहिला विवाह निबंधकाकडे मिळतो, दुसरे दिवाणी न्यायालयाकडून.

क्रमांकावाचून शोध

राज्यातील कौटुंबिक न्यायालयांत याचिकांना अक्षरे दिलेली असतात. घटस्फोटाची सर्वसाधारण याचिका ‘ए’, परस्परसंमतीची ‘एफ’, कलम १२५ ची ‘ई’. ‘याचिका क्रमांक २१०, सन २०१६’ एवढेच लिहिल्यास त्याच वर्षातील त्याच आकड्याची ए, ई आणि एफ अशी निदान तीन प्रकरणे निघू शकतात. विरोधात चाललेली याचिका पुढे तडजोडीने परस्परसंमतीत बदलली, तर अक्षर बदलले आहे का, हेही रोजनाम्यावरून तपासावे.

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरांकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो हाताशी असेल, तर पुढचा निम्मा त्रास वाचतो. पक्षकाराच्या नावाने शोधताना मात्र एकाच शब्दलेखनावर अडून राहू नये. माहेरचे नाव, सासरचे नाव, मधले नाव, आडनाव आधी किंवा शेवटी, अशा सर्व प्रकारे पाहावे आणि आपण प्रतिवादी होतो की अर्जदार, हे आठवावे. पतीने घटस्फोटासाठी आणि पत्नीने नांदण्यासाठी, अशा दोन याचिका एकत्र चालून एकच सामाईक न्यायनिर्णय झाला असेल, तर तो मूळ एका याचिकेच्या नस्तीत ठेवलेला असतो. दुसरीच्या नस्तीत शोधणाऱ्याला ‘न्यायनिर्णय नाही’ असे उत्तर मिळते, आणि ते खोटेही नसते.

जुन्या निकाली प्रकरणांच्या नोंदी संगणकावर असतीलच असे नाही. संकेतस्थळावर न सापडणे म्हणजे प्रकरण नसणे, हा निष्कर्ष घाईचा आहे. तसेच तिथून उतरवून घेतलेली प्रत ही प्रमाणित नक्कल नव्हे, आणि आपल्याजवळच्या झेरॉक्सवर नोटरीचा शिक्का मारून घेतला, तरी ती तशी होत नाही. नक्कल प्रमाणित करण्याचा अधिकार ज्याच्या ताब्यात मूळ अभिलेख आहे त्याचाच.

कोणी मागावे

हिंदू विवाह अधिनियमाचे कलम २२ वैवाहिक कार्यवाही बंद दाराआड चालवायला सांगते आणि ती छापून प्रसिद्ध करण्यास मनाई करते. त्यामुळे या अभिलेखावर पक्षकारांचा हक्क वेगळा आणि इतरांचा वेगळा. पक्षकार स्वतः किंवा वकीलपत्र असलेला वकील अर्ज करू शकतो. सख्खा भाऊ, वडील, सज्ञान मुलगी, एवढेच नव्हे तर होऊ घातलेले सासरे, हे सर्व कायद्याच्या दृष्टीने त्रयस्थ असतात. त्यांना न्यायालयाकडे कारण लिहून परवानगी मागावी लागते, आणि ‘माहितीसाठी’ हे कारण पुरेसे नसते. मिळकतीच्या वादात पुरावा म्हणून, मृत पक्षकाराचा वारस म्हणून, असे नेमके कारण द्यावे.

परदेशात राहणाऱ्या पक्षकाराने कुणाला कुलमुखत्यारपत्र पाठवायचे असेल, तर ते भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्यावे आणि महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे. हा दुसरा टप्पा विसरला जातो आणि नक्कल विभागात पत्र नाकारले गेले, की ‘वकिलातीचा शिक्का असूनही’ अशी तक्रार सुरू होते.

माहितीच्या अधिकाराचा आडमार्गही येथे चालत नाही. ज्या न्यायालयाच्या नियमांत नकला देण्याची तरतूद आहे, तिथे न्यायिक अभिलेखाच्या नकला त्याच नियमांनुसार घ्याव्यात, माहिती अधिकाराखाली नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात ४ मार्च २०२० रोजी स्पष्ट केले आहे. तरीही असे अर्ज होतात आणि ते फेटाळल्याचे उत्तर हाती येईपर्यंत महिना जातो.

मुदत आणि फुकट प्रत

हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २३(४) नुसार घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची एक प्रत दोन्ही पक्षांना विनामूल्य देणे न्यायालयावर बंधनकारक आहे. कौटुंबिक हिंसाचार अधिनियमाच्या कलम २४ नुसार त्याखालील आदेशाचीही. अनेक जण ही प्रत घेतच नाहीत, किंवा ती वकिलाकडे राहते आणि दहा वर्षांनी वकिलाचे कार्यालयच हललेले असते.

अपील करायचे असेल, तर दिवसांचा हिशेब काटेकोर ठेवावा. कुटुंब न्यायालय अधिनियमात अपिलाची मुदत ३० दिवस आहे, तर हिंदू विवाह अधिनियमात ९० दिवस. हिंदू विवाह अधिनियमाखालील हुकूमनाम्याला ९० दिवसच लागू होतात, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१६ साली ठरवले. परस्परसंमतीच्या हुकूमनाम्यावर अपीलच नाही. नक्कल मिळण्यात गेलेला वेळ मुदत अधिनियमाच्या कलम १२ नुसार वजा होतो. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणानुसार नकलेचा अर्ज करण्यापूर्वी हुकूमनामा तयार होण्यात गेलेला वेळ वजा होत नाही. ‘हुकूमनामा तयार झाला की अर्ज करू’ म्हणून थांबणारा माणूस स्वतःचेच दिवस खातो. निकाल लागल्याच्या दिवशी अर्ज द्यावा. नकलेच्या मागील बाजूस अर्जाची, नक्कल तयार झाल्याची आणि ती दिल्याची, अशा तारखा लिहिलेल्या असतात. तयार होऊन पडलेली नक्कल पंधरा दिवसांनी उचलली, तर ते पंधरा दिवस सवलतीत धरले जात नाहीत.

‘नस्ती सापडत नाही’

हे उत्तर तोंडी घेऊ नये. अर्जावर लेखी शेरा मागावा, कारण त्या शेऱ्यावरच पुढची पावले अवलंबून असतात. नस्ती नुकतीच निकाली निघालेली असेल, तर ती अभिलेख कक्षात न जाता न्यायालयाच्या दालनातच असते. अपील दाखल झाले असेल, तर मूळ अभिलेख उच्च न्यायालयाने मागवून घेतलेला असतो आणि अर्ज तिथे करावा लागतो. दरखास्त चालू असेल, तर नस्ती तिच्यासोबत जोडलेली असू शकते. या तिन्ही शक्यता तपासल्यावरही पत्ता लागला नाही, तर प्रबंधकांकडे शोधासाठी लेखी अर्ज द्यावा आणि सोबत आपल्याजवळची जुनी झेरॉक्स, समन्स, जे काही असेल ते जोडावे.

अभिलेख कायम जपला जात नाही, हेही लक्षात घ्यावे. दस्तऐवजांची महत्त्वानुसार वर्गवारी होते आणि दुय्यम कागद ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट केले जातात. न्यायनिर्णय आणि हुकूमनामा त्यांच्यापेक्षा अधिक काळ राहतात. म्हणून सगळी नस्ती मागून नकार घेण्यापेक्षा आधी हे दोन कागद मागावेत.

नक्कल हातात आल्यावर खिडकीपासून दूर जाण्याआधी नावे, विवाहाची तारीख, याचिका क्रमांक आणि पृष्ठसंख्या वाचून पाहावी. हुकूमनाम्यातच लेखनदोष असेल, तर नवी नक्कल मागून तो जात नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५२ खाली दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो, आणि तो केव्हाही करता येतो. परदेशी वापरासाठी नक्कल हवी असेल, तर ही तपासणी ॲपॉस्टीलपूर्वीच, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य ठरवणारा शिक्का घेण्यापूर्वीच, व्हावी. भारत २००५ पासून हेग ॲपॉस्टील करारात आहे आणि परराष्ट्र मंत्रालयाचा तो शिक्का पडलेल्या कागदातील ‘सुनिता’ आणि पारपत्रातील ‘सुनीता’ यांचा मेळ तिकडच्या अधिकाऱ्याला कोणी घालून देत नाही.

याच फेरीत मूळ विवाह दाखला, मुलांचे जन्मदाखले आणि मिळकतीचे मूळ कागद न्यायालयात दाखल करून ठेवले होते का, हे निशाण्यांच्या यादीवरून पाहावे. अपिलाची मुदत संपल्यावर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १३, नियम ९ खाली ते परत मिळतात. त्याआधी हवे असतील, तर त्यांच्या जागी प्रमाणित नक्कल ठेवून मूळ कागद सोडवून आणावेत.